भाडं भिंतींचं, राखण कोणाची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : घराचं मोठं काम काढल्यामुळे या वाचकांनी चौदा महिन्यांपूर्वी अर्धं घर एका भाड्याच्या स्टोरेज युनिटमध्ये हलवलं. काम लांबत गेलं, सामान तिथेच राहिलं. या काळात ते चार वेळा तिथे जाऊन आले. शेवटच्या खेपेला सोफ्यामागे काळ्या लेंड्या, कोपऱ्यात कुरतडलेलं खोकं आणि कापूस बाहेर आलेली रजई दिसली. मॅनेजर म्हणतो, ‘आमच्याकडे दर महिन्याला फवारणी होते. उंदीर तुमच्याच सामानातून आले असणार.’ बायको म्हणते, सगळं टाकून द्या. वाचकांच्या मनात आहे ते असं, की कोणाला न सांगता विष ठेवायचं आणि येत्या रविवारी झाडू घेऊन खोली साफ करायची. आणखी एक अडचण आहे. ‘तुझ्याकडे नीट राहतील’ म्हणत धाकट्या भावाने ठेवायला दिलेली पाच खोकी त्याच खोलीत आहेत आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही. ‘खायचं काहीही ठेवलं नव्हतं, तरी हे झालं. माझं चुकलं कुठे?’ असं ते विचारतात.

उत्तर :

रविवारचा बेत आधी रद्द करा, निदान झाडूचा तरी. उंदराच्या वाळलेल्या लेंड्या आणि मूत झाडूने हलवलं की त्याची धूळ उडते आणि बंद खोलीत ती थेट छातीत जाते. व्हॅक्यूम क्लीनरनेही तेच होतं. साफसफाई कशी करायची ते पुढे सांगते, पण तोवर कशालाच हात लावू नका. त्याला दुसरंही एक कारण आहे. आज ती खोली जशी आहे, तोच तुमचा पुरावा आहे.

आता तुमचा प्रश्न. ‘खायचं काहीच नव्हतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. त्यामागे एक समजूत आहे, की उंदीर खाण्यासाठी येतो, म्हणजे खाणं नसेल तर येणार नाही, आणि आला तर दोष कोणाचा तरी असलाच पाहिजे. ही समजूत जरा बाजूला ठेवून बघू या. घरातल्या लहान उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम खाणं पुरतं आणि पाण्याची गरजही तो बरीचशी खाण्यातूनच भागवतो. एवढंसं पोट भरायला तो चार पावलं बाहेर जाऊन येऊ शकतो. शेजारच्या खोलीत कोणाचे पक्ष्यांचे दाणे असतील, इमारतीमागे कचऱ्याचा डबा असेल. त्याला जवळच हवी असते ती उबदार, अंधारी जागा, जिथे कोणी येत नाही, आणि घरट्यासाठी मऊ कागद किंवा कापूस. तुमची खोली त्याचं स्वयंपाकघर नाही, ती बाळंतिणीची खोली आहे.

शिवाय ‘खायचं काही नाही’ हे आपल्या हिशेबाने. साबणाची वडी, मेणबत्त्या, दाणे भरलेली खेळणी, टोस्टरच्या तळाशी साठलेला चुरा, जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळ हे सगळं त्याला चालतं. मागे माझ्याच घरी वर्षभर बंद असलेल्या शिवणयंत्राचा ड्रॉवर उघडला, तर आत मुठीएवढं घरटं होतं. कापडाच्या चिंध्या, कागदाचे बारीक दोरे, आणि मध्ये मोजपट्टीचे तुकडे. पट्टीचा सदतीसपासून बावन्नपर्यंतचा भाग गायब होता आणि घरट्यात एका तुकड्यावर ‘४१’ स्वच्छ वाचता येत होतं. त्या ड्रॉवरमध्ये खाण्याजोगं काहीही नव्हतं. पण वर्षभर तो कोणी उघडला नव्हता.

तुमचंही तेच झालंय. चौदा महिन्यांत चार भेटी, म्हणजे मध्ये सरासरी साडेतीन महिने. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्याची झाली की त्यांचाही संसार सुरू. हिशेब मांडून बघा, तुमच्या दोन भेटींच्या मध्ये एक उंदरीण आजी होते. म्हणून ‘चुकलं कुठे’ याला माझं उत्तर असं : हयगय वगैरे काही नाही, पण तुम्ही भाडं भरलंत ते चार भिंती, एक शटर आणि एका कुलपाचं. राखण त्या भाड्यात कधीच नव्हती. ती आहे असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक जण तसंच धरून चालतात.

मॅनेजरचं म्हणणं फेटाळण्याआधी एकदा नीट ऐका. उंदीर खरंच तुमच्या सामानातून आला असू शकतो. सोफ्याच्या पोटात पिल्लांसकट घरटं हलवलं गेल्याची उदाहरणं असतात. पण चौदा महिन्यांनी पहिला उंदीर कोणाचा हा वाद म्हणजे डोंगर पोखरून काढलेला उंदीर. त्यापेक्षा कामाचा प्रश्न हा, की आज त्या खोलीत शिरायला फट आहे की नाही? लहान उंदराला सहा मिलिमीटर पुरतात. जिथून पेन्सिल आत जाईल तिथून तो जाईल, असं समजा. दिवसा शटर पूर्ण खाली ओढून, आतला दिवा बंद करून दोन मिनिटं आत उभे राहा. (बाहेर कोणीतरी माणूस उभा असू दे. आत अडकल्याचं आणखी एक पत्र मला नको.) शटरच्या खालचं रबर कुरतडलेलं असेल, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत उजेडाच्या रेघा दिसतील, पन्हळी पत्रा फरशीला टेकतो तिथे पोकळ्या असतील. वायर आणि पाइप भिंतीतून जातात ती जागाही बघा. बऱ्याच ठिकाणी दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत जात नाही, वर नुसती जाळी असते. तसं असेल तर शेजाऱ्याचा उंदीर आणि तुमचा उंदीर असा भेद करण्यात अर्थच नाही.

आणि ‘फवारणी’ या शब्दापाशी थांबा. फवारणी झुरळं, मुंग्या, ढेकणांसाठी असते. उंदरावर तिचा काही उपयोग नाही. मॅनेजर खोटं बोलत असेल असं नाही, त्याच्या डोक्यात ‘पेस्ट कंट्रोल’ ही एकच वस्तू असेल. म्हणून त्याला लेखी विचारा : उंदरांसाठी नेमकं काय केलं जातं, इमारतीभोवती बेट बॉक्स (विषारी आमिषाच्या बंद पेट्या) कुठे कुठे आहेत, ते शेवटचे कधी तपासले, आणि त्याची नोंद बघायला मिळेल का? ईमेल करा, फोनवर बोलू नका. सोबत फोटो जोडा, लेंड्यांच्या शेजारी एखादं नाणं ठेवून काढलेले, म्हणजे आकार कळेल. तीन ते सहा मिलिमीटर, दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर लहान उंदीर. त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस, आणि मग सापळे वेगळे, बंदोबस्त वेगळा. शेजारच्या खोलीतून दाण्यांचा वास येतो असं तुम्ही लिहिलंय. त्या माणसाच्या दारावर चिठ्ठी चिकटवू नका. वास हा पुरावा नव्हे. ‘लगतच्या खोल्यांचीही तपासणी व्हावी’ एवढं एक वाक्य ईमेलमध्ये घाला, बाकीचं मॅनेजरचं काम.

करारपत्र काढा. ‘सामान ठेवणाऱ्याच्या जोखमीवर’ असं वाक्य बहुधा सापडेल. विमा काढला असेल तर त्यात काय काय वगळलंय ते वाचा. उंदीर-घुशी-किडींनी केलेलं नुकसान बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. नुकसानभरपाईची फार आशा मी दाखवणार नाही. पण फटी बुजवणं हे इमारतीच्या मालकाचं काम आहे, आणि ते लेखी मागितलंत की टाळणं अवघड जातं. भाड्यात सवलत किंवा वरच्या मजल्यावरची दुसरी खोली मागूनही बघा. मात्र तेच सामान तसंच उचलून दुसऱ्या खोलीत नेलंत, तर उंदरांचंही स्थलांतर तुमच्याच खर्चाने होईल.

आता विष. गुपचूप ठेवायचं तुमच्या मनात आलं यातच उत्तर आहे. जे उघडपणे ठेवता येणार नाही, असं तुम्हालाही वाटतंय. उंदरांसाठी सर्रास मिळणारी बरीचशी विषं, ब्रोमॅडिओलोन वगैरे, रक्त गोठू देत नाहीत. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो आणि मग मरतो कुठे? घरट्यात. म्हणजे तुमच्या सोफ्यात, किंवा भिंतीच्या पोकळीत, जिथे हात पोचत नाही. मग कित्येक आठवडे तो वास, आणि त्यावर माश्या. विष खाल्लेला सुस्त उंदीर बाहेर पडला तर मांजर किंवा घुबड त्याला उचलतं आणि तेही विष त्यांच्या पोटात जातं. आणि विषाची वडी उचलून त्याने कुठे साठवून ठेवली हे तुम्हाला कळणारही नाही. दोन वर्षांनी एखादं खोकं घरी उघडाल, समोर मूल बसलेलं असेल. विष वापरायचंच तर ते प्रशिक्षित माणसाने, कुलूपबंद बॉक्समध्ये, इमारतीच्या बाहेरच्या बाजूने, मालकाच्या संमतीने. तुमच्या खोलीत नको.

चिकट पॅडही नको. त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत चिकटून राहतो, आणि तुम्ही तिथे जाणार कधी तर साडेतीन महिन्यांनी. हाच आक्षेप जिवंत पकडायच्या पिंजऱ्यालाही आहे. पिंजरा दयाळू वाटतो खरा, पण तो रोज बघितला तर. बंद पिंजऱ्यात उपाशी, तहानलेला उंदीर एक-दोन दिवसांत मरतो आणि ते मरण चापापेक्षा वाईट. तुम्हाला जीव घेणं पटत नसेल तर मी वाद घालणार नाही. फक्त तसं असेल तर रोज जाण्याची तयारी हवी. रोज जाणार असाल तरच पिंजरा लावा.

चाप लावायचे तर एक-दोन लावून महिनाभर वाट बघण्यापेक्षा सहा-आठ एकदम लावा आणि आठवडाभर रोज एक फेरी मारा. सुट्टी टाकावी लागली तरी टाका. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, लहान उंदीर उलट चौकस, नवीन काही दिसलं की हुंगायला येतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रीच सगळ्यात जास्त सापडतात. तो मिशांनी भिंत चाचपत, भिंतीला धरूनच धावतो. चाप भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. खोलीच्या मधोमध ठेवलेला चाप शोभेचा. लहान उंदीर घरट्यापासून सहसा आठ-नऊ मीटरच्या पलीकडे जात नाही, तेव्हा दोन चापांत दोन-अडीच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. आमिष वाटाण्याएवढंच. आणि एक युक्ती : तुमच्या खोलीत त्याला खाण्यापेक्षा घरट्याचं सामान हवंय, तर एक-दोन चापांना कापसाचा बोळा दोऱ्याने घट्ट बांधून बघा. तो ओढायला जाईल तेव्हा चाप पडेल.

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल, भिंतीत खुपसायची ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रं याबद्दल तुम्ही विचारलंय. तेलाचा वास उडून जातो. यंत्राचा तो आवाज खोक्यांच्या आणि गाद्यांच्या पलीकडे पोचत नाही, आणि उंदरांना त्याची सवयही होते. बंद खोलीत डांबराच्या (नॅफ्थलीनच्या) गोळ्यांचा त्रास उंदराआधी तुम्हाला होईल. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असले हे उपाय. तो पैसा तारेच्या गुंडाळ्यात आणि सीलंटमध्ये घाला. फटीत स्टीलचा काथ्या किंवा तांब्याची जाळी ठासून भरायची, वरून सीलंट. नुसता फोम भरला तर तो एका रात्रीत कुरतडेल. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, आणि फोम कुरतडायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. हे काम मालकाने करावं, निदान तुम्ही करण्याआधी त्याची लेखी परवानगी असावी.

साफसफाई. शटर उघडून अर्धा तास बाहेर थांबा, हवा खेळू द्या. हातमोजे, नीट बसणारा मास्क. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्याच दिवशी बनवलेलं. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होऊ शकतो. लेंड्या आणि घरटी चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग कागदी टॉवेलने टिपून घ्या, दुहेरी पिशवीत बांधा. उंदरांकडून साल्मोनेलाचा पोटाचा संसर्ग आणि लेप्टोस्पायरोसिसचा ताप होऊ शकतो, आणि अमेरिका खंडांतल्या काही रानउंदरांकडून हंताव्हायरससारखा जिवावरचा आजारही. घरातल्या उंदरांतला एक विषाणू गर्भवतींच्या बाळाला धोक्याचा असतो, म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामापासून लांब ठेवा. घाबरवायला हे सांगत नाही. फक्त ‘एकदा झाडून घेतो’ एवढं ते सोपं नाही.

‘सगळं टाकून द्या’ या तुमच्या पत्नीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. काच, धातू, कठीण प्लास्टिक पुसलं की स्वच्छ. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. पुस्तकं, कागद, फोटो यांना ब्लीच चालणार नाही, ते दिवसभर उन्हात मोकळे ठेवा, मग वरवर पुसा. ज्या गादीत किंवा सोफ्यात घरटं होतं ते मात्र टाकून द्या. फोम आतून धुता येत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन घरी नेल्यावर प्लग लावण्याआधी मागची झाकणं काढून वायरी बघा. सोललेल्या वायरीने आग लागू शकते. आणि एक हिशेब कागदावर मांडा : चौदा महिन्यांचं भाडं एका बाजूला, तो सोफा आज नवीन घेतला तर किती पडेल ते दुसऱ्या बाजूला. मला आकडा सांगू नका, दोघांनी मिळून बघा. बायको कदाचित उंदरांबद्दल बोलतच नसेल.

जे ठेवायचंच आहे ते पुठ्ठ्यातून बाहेर काढा. पुठ्ठा म्हणजे उंदरासाठी घर आणि अंथरूण दोन्ही. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे चालतील, पत्र्याची ट्रंक उत्तम. सगळं रॅकवर किंवा पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि मधोमध चालायला वाट, म्हणजे मागचा कोपराही नजरेत येईल. महिन्यातून एकदा तिथे जा. दहा मिनिटं पुरतात. टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारा, लेंड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि उभ्याने न दिसलेल्या दिसतात. निघताना दारापाशी आणि भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा पातळ पट्टा ओढा. पुढच्या वेळी त्यात पावलं उमटलेली आहेत की नाही, एवढंच बघायचं. एखाद-दुसरा डबा जागेवरून हलवूनही या. अशा ठिकाणी घरटं करायला उंदरीण बिचकते.

भावाचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्ही लिहिलंय, ‘आधी सगळं साफ करतो, नुकसान किती ते बघतो, मग सांगतो.’ ऐकायला हे जबाबदारीचं वाटतं, पण यात त्याची खोकी त्याच्या माघारी उघडली जातात. आतलं काय टाकायचं, काय ठेवायचं हे तुम्ही ठरवता. शिवाय तुम्हाला जे रद्दी वाटेल ते त्याने जपलेलं असू शकतं. त्याने तुम्हाला वस्तू दिल्या होत्या, त्यांची किंमत ठरवायला सांगितलं नव्हतं. तुमची भीती, ‘तुझ्यावर सोपवलं होतं’ असं तो म्हणेल ही, रास्त आहे. म्हणेलही. पण ते वाक्य आज ऐकणं आणि खोकी रिकामी झाल्यावर ऐकणं यात फरक आहे.

म्हणून ईमेलच्याही आधी त्याला फोन करा. आधी फोटो पाठवू नका, फोटोत ते नुसतं भयंकर दिसतं. एवढंच सांगा : खोलीत उंदीर झालेत, तुझी खोकी बाहेरून ठीक दिसतात, एकाचा खालचा कोपरा कुरतडलेला आहे, मी उघडलेली नाहीत, पुढच्या आठवड्यात उघडायची आहेत, तू येतोस का? येणं जमणार नसेल तर व्हिडिओ कॉल लावून एकेक उघडा, कुरतडलेलं सगळ्यात आधी. त्यालाही एक हातमोज्यांचा जोड लागेल, तेव्हा दोन घ्या.